विद्यार्थ्यांच्या चुकांतून कोश घडविणारा शिक्षक : ए. एस. हॉर्नबी

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

ज्या घरात वडीलमाणसे शिकलेली असतात, त्या घरातील मुलाला एखादा इंग्रजी शब्द अडला तर तो वडिलांना, काकांना, नाही तर थोरल्या भावाला विचारतो. आमच्या घरी ती सोय नव्हती. वडील सहीपुरते लिहितात. आईला तेही येत नाही. मला शब्द अडला की मी इंग्रजी-मराठी डिक्शनरी उघडत असे. मी आठवीत असताना वडिलांनी ती बाजाराच्या दिवशी, भाजी विकून परत येताना आणली होती. त्या डिक्शनरीत इंग्रजी शब्दापुढे मराठी अर्थ दिलेला होता. अर्थ कळला की शब्द आपल्याला आला, अशी माझी भोळी समजूत होती.

ही समजूत गेल्या वर्षी मोडली. एका शिष्यवृत्तीसाठी इंग्रजीतून अर्ज करायचा होता. अर्ज लिहून तो पाठविण्यापूर्वी आमच्या इंग्रजीच्या सरांना दाखविला. त्यांनी दोन ठिकाणी लाल रेघ ओढली. नियम मला समजावून सांगावेत, असे म्हणताना मी 'एक्सप्लेन मी' असे लिहिले होते आणि माहिती अनेक प्रकारची हवी होती म्हणून 'इन्फर्मेशन्स' असे अनेकवचन केले होते. मी सरांशी वाद घातला. 'मला सांगा' याला 'टेल मी' चालते, 'मला दाखवा' याला 'शो मी' चालते, तर मग 'मला समजावून सांगा' याला 'एक्सप्लेन मी' का चालू नये? सर हसले. त्यांनी उत्तर दिले नाही. ग्रंथालयात पाठविले आणि कोणता कोश मागायचा तेवढे सांगितले.

ग्रंथपालांनी जो जाडजूड ग्रंथ हाती दिला त्याची पाठ खळीच्या कापडाने चिकटविलेली होती. 'ऑक्सफर्ड अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी ऑफ करंट इंग्लिश' हे त्याचे नाव; आवृत्ती तिसरी, सन १९७४. 'एक्सप्लेन' हा शब्द काढला. अर्थ तर होताच, परंतु तो शब्द वाक्यात कसा बसवावा हेही तेथे दाखविले होते. ज्याला समजवायचे त्याच्याआधी 'टु' हवा, हे त्या दिवशी मला कोणाही माणसाला न विचारता कळले. 'इन्फर्मेशन' या शब्दाचे अनेकवचन होत नाही, याचीही खूण तेथे होती. आपल्या मनात नेमका कोठे घोटाळा होणार आहे, हे या ग्रंथकर्त्याला आधीच कसे ठाऊक? या कुतूहलातून मी त्याचे चरित्र शोधले. ते आपणापुढे मांडावे म्हणून हा लेखनप्रपंच.

आल्बर्ट सिडनी हॉर्नबी यांचा जन्म १० ऑगस्ट १८९८ रोजी इंग्लंडच्या वायव्येकडील चेस्टर या गावी झाला. चेस्टर हे रोमन लोकांच्या काळापासूनचे, तटबंदी असलेले जुने शहर. त्यांचे उच्च शिक्षण लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये झाले व तेथे त्यांनी इंग्रजी हा विषय घेऊन पदवी मिळविली. नावाची तीन आद्याक्षरे जुळवून मित्रमंडळी त्यांना 'अ‍ॅश' म्हणत. पदवीनंतर त्यांनी घेतलेल्या एका निर्णयाने मात्र त्यांच्या आयुष्याची दिशाच बदलली.

सन १९२४ मध्ये हॉर्नबी जपानला गेले. जपानच्या दक्षिणेकडील क्यूशू बेटावर ओइता नावाचे गाव आहे. तेथील उच्च वाणिज्य विद्यालयात इंग्रजी शिकविण्याची नोकरी त्यांना मिळाली होती. इंग्रजी वाङ्मय शिकवावे अशी अपेक्षा होती आणि त्यांचे स्वतःचे शिक्षणही वाङ्मयाचेच होते. परंतु वर्गात उभे राहिल्यावर त्यांच्या ध्यानात आले की, या मुलांची गरज निराळीच आहे. ही मुले व्यापाराचे शिक्षण घेत होती. त्यांना इंग्रजी बोलायला, लिहायला हवे होते. ज्याला साधे वाक्य जुळविता येत नाही त्याच्यापुढे महाकवी ठेवून काय उपयोग? पोहणे न येणाऱ्याला समुद्राचे वर्णन ऐकविण्यासारखेच ते आहे.

येथे हॉर्नबींचा थोरपणा मला जाणवतो. मुलांना येत नाही म्हणून मुलेच मठ्ठ, असे म्हणून मोकळे होणारे शिक्षक कोणत्याही देशात मिळतील. हॉर्नबींनी तसे केले नाही. त्यांनी मुलांच्या चुकांकडेच लक्ष दिले. जी चूक एक मुलगा करतो ती योगायोगाने झालेली असेल. जी चूक वर्गामागून वर्ग करतो तिला काहीतरी कारण असले पाहिजे, आणि कारण सापडले तर उपायही सापडेल.

या शोधात त्यांना एक मोठा वाटाड्या भेटला. हॅरल्ड पामर हे इंग्रज भाषातज्ज्ञ १९२२ साली जपानमध्ये आले होते व १९२३ साली टोकियोत इंग्रजी अध्यापनाच्या संशोधनासाठी एक संस्था सुरू झाली होती. पामर तिचे संचालक. हॉर्नबी संस्थेच्या कार्यात सहभागी झाले आणि पुढे १९३१ च्या सुमारास पामर यांनी त्यांना शब्दसंग्रहाच्या कामासाठी बोलावून घेतले. परक्या विद्यार्थ्याने आधी कोणते शब्द शिकावेत, कोणता शब्द कोणत्या शब्दाच्या सोबतीने येतो, याची मोजदाद तेथे चालली होती. १९३३ साली संस्थेने शब्दांच्या या सोबतीविषयी एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यामागील कष्टांत हॉर्नबींचा मोठा वाटा होता.

शब्दांची सोबत म्हणजे काय, हे आपल्या मराठीवरून सहज कळेल. आपण शपथ घेतो, पैज मारतो, हाक मारतो, उडी मारतो आणि गप्पाही मारतो. आता एखाद्या परदेशी माणसाने कोशात 'मारणे' म्हणजे प्रहार करणे एवढेच वाचले असेल, तर गप्पा मारणाऱ्या मंडळींविषयी तो काय समजेल? आणि त्याने स्वतःच्या मनाने 'हाक केली' असे म्हटले तर आपण हसू. परंतु चूक त्याची नसून त्याच्या कोशाची आहे. इंग्रजीच्या बाबतीत आपण त्या परदेशी माणसाच्याच जागी उभे असतो.

याच काळात आपल्या देशातही असा प्रयत्न चालू होता, हे सांगताना मला अभिमान वाटतो. मायकेल वेस्ट हे इंग्रज शिक्षणाधिकारी तेव्हाच्या बंगालमध्ये, ढाका येथे काम करीत होते. बंगाली मुलांना इंग्रजी वाचता यावे म्हणून त्यांनी पुष्कळ खटपट केली आणि पुढे १९३५ साली एन्डिकॉट यांच्या सहकार्याने एक लहानसा कोश प्रसिद्ध केला. त्यातील सर्व अर्थ केवळ १४९० निवडक शब्दांत सांगितले होते. म्हणजे एवढे शब्द ज्याला आले त्याला बाकीचा कोश उलगडावा. परक्या विद्यार्थ्यांसाठी खास कोश हवा, ही कल्पना अशी बंगाल आणि जपान येथील वर्गांतून वर आली.

वाचकांपैकी कोणी विचारील की, इंग्रजांचे स्वतःचे मोठमोठे कोश असताना वेगळा कोश कशाला? डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांचा प्रख्यात कोश १७५५ साली निघाला. विद्वत्तेचे ते शिखरच! परंतु 'जाळे' या अर्थाच्या साध्या शब्दाची त्यांनी केलेली व्याख्या मूळ शब्दापेक्षा कितीतरी कठीण आहे. इंग्रजाचे त्यावाचून अडत नाही, कारण जाळे म्हणजे काय आणि तो शब्द वाक्यात कसा वापरावा हे त्याला आईच्या मांडीवरच कळलेले असते. तो कोश उघडतो तो एखाद्या अनवट शब्दासाठी, स्पेलिंगसाठी किंवा शब्दाचे मूळ पाहण्यासाठी. आपले अडते ते साध्या शब्दांपाशी. 'गेट', 'मेक', 'टेक' यांनी आपल्याला जितके छळले आहे तितके कोणत्याही लांबलचक शब्दाने छळले नसेल. शिवाय वाचताना कोशाची एक गरज असते व लिहिताना दुसरी. वाचताना अर्थ मिळाला की भागते. लिहिताना मात्र शब्द कसा वागतो हे कळावे लागते. हॉर्नबींनी ही दुसरी गरज ओळखली.

१९३६ साली पामर इंग्लंडला परतले. जाण्यापूर्वी क्रियापदांच्या रचनांवर त्यांनी पुष्कळ विचार केला होता आणि १९३८ मध्ये सुमारे एक हजार शब्दांचे व्याकरण सांगणारे त्यांचे पुस्तकही निघाले. टोकियोतील संशोधनाची धुरा हॉर्नबींच्या खांद्यावर आली. ई. व्ही. गेटनबी आणि एच. वेकफील्ड या जपानमध्ये शिकविणाऱ्या आणखी दोघा इंग्रजांना सोबत घेऊन त्यांनी कोशाचे काम हाती घेतले. आजच्यासारखी संगणकाची मदत नव्हती. शब्द गोळा करणे, अर्थ लिहिणे, उदाहरणे रचणे, हे सारे काम हातांनी व डोळ्यांनी करायचे.

या कोशात त्यांनी काय केले? पहिली गोष्ट म्हणजे, इंग्रजी क्रियापदे वाक्यात ज्या ज्या रीतींनी येतात त्यांचे २५ साचे ठरविले व त्यांना क्रमांक दिले. प्रत्येक महत्त्वाच्या क्रियापदापुढे ते कोणत्या साच्यात बसते त्याचा क्रमांक आला. दुसरी गोष्ट, नामे मोजता येण्याजोगी आणि न मोजता येण्याजोगी अशी वेगळी करून त्यांना खुणा दिल्या. मराठीत आपण 'सल्ले' म्हणतो, म्हणून इंग्रजीतही 'अ‍ॅडव्हाइसेस' म्हणून बसतो. ही खूण पाहिली असती तर तसे झाले नसते. तिसरी गोष्ट, उच्चार ध्वनिलिपीत दिले. चौथी, आणि माझ्या मते सर्वांत मोलाची, म्हणजे उदाहरणांची वाक्ये व वाक्यांश भरपूर दिले. जुने, वापरातून गेलेले शब्द आणि शब्दांची व्युत्पत्ती यांना त्यांनी बाजूला ठेवले. शिकणाऱ्याची शिदोरी बांधताना तिच्यात काय घालायचे याइतकेच काय वगळायचे हेही कळावे लागते.

माझी 'एक्सप्लेन मी' ही चूकही हॉर्नबींच्या ओळखीची होती, हे मला नंतर समजले. १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी वाक्यरचनांवरील त्यांच्या पुस्तकात नेमका हाच मुद्दा आहे. सांगणे व दाखविणे या अर्थांच्या क्रियापदांची रचना ऐकून विद्यार्थी त्याच धर्तीवर समजावण्याच्या क्रियापदाची रचना करतो आणि फसतो, असे त्यांनी तेथे दाखवून दिले आहे. मी सरांशी जो वाद घातला तो शब्दशः हाच होता! माझ्या जन्माच्या कितीतरी आधी, दुसऱ्या देशांतील मुलांनीही असाच विचार केला होता आणि एका शिक्षकाने तो विचार समजून घेतला होता. चूक करण्यात मूर्खपणा नसून एक प्रकारचा तर्क असतो, हे वाचून माझ्या मनावरचे मोठे ओझे उतरले.

कोश तयार होत होता तेव्हा जगावर युद्धाचे ढग जमले होते. डिसेंबर १९४१ मध्ये जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला व ब्रिटनशीही युद्ध पुकारले. ज्या देशात १७ वर्षे शिकविण्यात घालविली त्याच देशात हॉर्नबी एका दिवसात शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले व स्थानबद्ध झाले. इंग्रजी ही तेथे शत्रूची भाषा मानली जाऊ लागली. आणि तरीही १९४२ साली, ऐन युद्धात, टोकियोच्या काइताकुशा या प्रकाशनसंस्थेने त्यांचा इंग्रजी कोश छापून प्रसिद्ध केला! 'इडिओमॅटिक अँड सिन्टॅक्टिक इंग्लिश डिक्शनरी' हे त्याचे मूळ नाव. दोन राष्ट्रे एकमेकांची जहाजे बुडवीत असताना एका राष्ट्राच्या शिक्षकांचे काम दुसऱ्या राष्ट्राच्या छापखान्यातून बाहेर पडत होते. विद्येला सरहद्द नसते, हे वाक्य आपण निबंधात नेहमी लिहितो. त्याचे याहून चांगले उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

त्याच वर्षी हॉर्नबींची सुटका होऊन ते जपानबाहेर पडले. स्वस्थ बसणे त्यांच्या स्वभावात नव्हते. ब्रिटिश कौन्सिलच्या सेवेत ते इराणला गेले व युद्धकाळात तेथे त्यांनी इंग्रजीच्या अध्यापनाचे काम केले. युद्ध संपल्यावर लंडनला परतून १९४६ साली त्यांनी 'इंग्लिश लँग्वेज टीचिंग' हे नियतकालिक सुरू केले. परभाषा म्हणून इंग्रजी शिकविणाऱ्या जगभरच्या शिक्षकांना एकमेकांचे अनुभव त्यातून कळू लागले. ते नियतकालिक आजही चालू आहे.

१९४८ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने टोकियोच्या त्या कोशाच्या पानांची छायाचित्रे घेऊन त्यावरून तो पुन्हा छापला. म्हणजे जपानी विद्यार्थ्यांसाठी जुळविलेली अक्षरेच आता सर्व जगापुढे आली. १९५२ मध्ये त्याच्या नावात 'अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स' हे शब्द आले. दुसरी आवृत्ती १९६३ मध्ये व तिसरी १९७४ मध्ये निघाली. तिसरी आवृत्ती निघाली तेव्हा हॉर्नबींचे वय ७६ च्या घरात होते. भाषा बदलते, म्हणून कोश कधी पुरा होत नाही, हे जाणून त्यांनी अखेरपर्यंत आपले काम तपासणे सोडले नाही.

कोशाच्या लाखो प्रती खपल्या. या पैशाचे त्यांनी काय केले? १९६१ साली त्यांनी एक शैक्षणिक विश्वस्त निधी स्थापन केला आणि आपल्या पुस्तकांच्या उत्पन्नाचा मोठा भाग त्याकडे वळविला. विकसनशील देशांतील इंग्रजीच्या शिक्षकांना ब्रिटनमध्ये उच्च शिक्षण घेता यावे, हा त्याचा हेतू. ज्या विद्यार्थ्यांच्या अडचणींतून कोश जन्मला त्यांच्याच शिक्षकांकडे कोशाचा पैसा परत गेला. १३ सप्टेंबर १९७८ रोजी, वयाच्या ८० व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

चरित्रनायकाचे गुणगान करताना उणिवा झाकू नयेत. हॉर्नबींच्या कोशातही उणिवा होत्या. क्रियापदांच्या साच्यांचे क्रमांक पाठ असल्याशिवाय त्यांचा उपयोग होत नसे. शब्दापुढे क्रमांक पाहायचा, मग प्रस्तावनेकडे जाऊन तो साचा शोधायचा आणि पुन्हा शब्दाकडे यायचे, एवढी चिकाटी कितीजणांना? मी स्वतः कित्येकदा क्रमांक सोडून नुसते उदाहरणच वाचले आहे. काही ठिकाणी अर्थातील शब्दही अवघड असत. १९७८ मध्येच लाँगमन यांचा विद्यार्थ्यांसाठीचा कोश निघाला. त्यातील अर्थ सुमारे दोन हजार ठरीव शब्दांत सांगितलेले होते. १९८७ साली निघालेल्या 'कोबिल्ड' कोशाने संगणकात साठविलेल्या खऱ्याखुऱ्या इंग्रजी मजकुरातून उदाहरणे घेतली व अर्थही पूर्ण वाक्यांत सांगितले. ऑक्सफर्डच्या कोशानेही पुढे क्रमांक टाकून देऊन सोप्या खुणा घेतल्या. त्याची दहावी आवृत्ती २०२० साली निघाली आणि आता तो मोबाइलवरही पाहता येतो. परंतु ही सारी मंडळी ज्या वाटेने पुढे गेली ती वाट पाडण्यात हॉर्नबींचा वाटा मोठा आहे.

मग परभाषा शिकणाऱ्यासाठी चांगला कोश कोणता? ज्यात शब्द सर्वांत जास्त तो, असे मी पूर्वी म्हटले असते. हॉर्नबींचे चरित्र वाचल्यावर माझे मत बदलले. ज्याचा अर्थ समजायला दुसरा कोश लागत नाही, जो शब्दाला एकटा न सोडता त्याच्या सोबत्यांसह दाखवितो, आणि वाचणारा कोठे घसरेल हे ओळखून तेथे आधीच हात पुढे करतो, तो चांगला कोश. असा कोश नुसत्या विद्वत्तेने होत नाही. त्यासाठी वर्गात बसलेल्या, चुका करणाऱ्या मुलांवर माया असावी लागते.

मित्रहो, आपल्यापैकी पुष्कळजण माझ्यासारखेच पहिल्या पिढीचे विद्यार्थी आहेत. इंग्रजीच्या तासाला तोंड उघडायची आपल्याला भीती वाटते, कारण चूक होईल आणि बाक हसतील. अशा वेळी ओइताच्या त्या मुलांची आठवण करावी. त्यांनी चुका केल्या नसत्या, भीतीने गप्प बसली असती, तर हा कोश कदाचित झालाच नसता.

शिष्यवृत्तीचा अर्ज मी दुरुस्त करून पाठविला. ती मला मिळाली नाही. परंतु त्या अर्जात इंग्रजीची चूक नव्हती, एवढे मी खात्रीने सांगू शकते. घरची छोटी डिक्शनरी मी टाकून दिलेली नाही. वडिलांनी आणलेली ती वस्तू आहे आणि वाचताना मराठी अर्थ लागतोच. मात्र काही लिहायचे झाले की मी ग्रंथालयात जाते आणि कापड चिकटविलेला तो जाड ग्रंथ मागून घेते. घरी विचारायला कोणी नाही, असे आता मला वाटत नाही.